गाडी साडेपंधरा मिलिमीटर वर

आमची गाडी मी तिचा आकार बघून घेतली. लांब, बुटकी, मागे ऐसपैस डिकी. ती जमिनीपासून किती उंच आहे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पडला वारज्यात आमच्या सोसायटीने फाटकाशी गतिरोधक बांधला त्या दिवशी. लहान मुलं आवारात सायकली फिरवतात, त्यामुळे गतिरोधक हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो किती उंच हवा, यावर सभेत कोणी बोललंच नव्हतं. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते दिवसभर गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले आणि संध्याकाळी तिथे एक छोटंसं धरण तयार झालं.

मी एकटा असलो की गाडी त्यावरून कशीबशी निघून जायची. बायको शेजारी असली तर जरा तिरकी घालावी लागायची. पण मागे सासू-सासरे बसले, की पोटाखालून पत्र्याचा डबा फाडल्यासारखा आवाज यायचा आणि वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहायचा. शेवटी मी एक पद्धत बसवली. फाटकाशी थांबायचं, सगळ्यांना उतरवायचं, गाडी पलीकडे न्यायची आणि पुन्हा सगळ्यांना बसवायचं.

सासरे नारायण पेठेत राहतात. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेले गृहस्थ. पहिल्या वेळी ते लगेच उतरले. दुसऱ्या वेळी ऊन होतं, तर छत्री उघडून उतरले. तिसऱ्या वेळी गाडीत परत बसताना शांतपणे म्हणाले, "सोय चांगली आहे. गाडी तुमची, चालायचं आम्ही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की टायर मोठे टाक, गाडी आपोआप उंच होते. त्याने स्वतः टाकले नव्हते, पण ज्याने टाकले त्याला तो ओळखत होता. मला तेवढं पुरलं.

महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर एक टायरचं दुकान आहे. मालक कमी बोलणारा. त्याने माझ्या टायरवरचे आकडे वाचून दाखवले: हा रुंदीचा, हा बाजूच्या उंचीचा, हा चाकाचा. एक माप वर गेलात तर चालेल, असं त्याचं मत पडलं. मला दोन मापं वर जायचं होतं. त्याने सांगितलं, की काटा वेग कमी दाखवेल, चढावर गाडी जड लागेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासेल. मी म्हणालो, मी फारसा वळत नाही. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत मला विचारलं, "साहेब, परत एकदा सांगता?"

मी परत सांगितलं नाही. पण टायर मात्र दोन मापं वरचेच टाकले. जुने त्याने कोपऱ्यात रचून ठेवले. मोडीत काढायचे का, असं मी विचारलं, तर म्हणाला, असू देत काही दिवस.

गाडी खरोखर रुबाबदार दिसायला लागली. टायर एकतीस मिलिमीटरने मोठे आहेत, हे मी घरी दोनदा सांगितलं. पुढच्या रविवारी सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावलं आणि न्यायला स्वतः नारायण पेठेत गेलो. त्यांना बसवलं, गल्लीतून गाडी वळवायला घेतली, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या चाकातून खरखरीत, लांबलचक आवाज निघाला. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबून बघू लागल्या. स्टिअरिंग अर्धंच वळवायचं ठरवलं, तर गल्ली पुरेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मागून एक स्कूटरवाले आजोबा आले. त्यांनी इंजिन बंद केलं, पाय खाली टेकवले. हॉर्न वाजवला नाही. माझ्या सातव्या की आठव्या प्रयत्नाला ते म्हणाले, "होऊ द्या सावकाश. आम्ही रिकामेच असतो."

सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. सासरे बोटांवर काहीतरी मोजत होते. माझे प्रयत्नच मोजत असावेत.

वारज्याला पोचलो. फाटकाशी सवयीने दोघांनी दाराला हात घातला. मी म्हणालो, बाबा, आज उतरायचं नाही. मग बेतशीर वेगात गाडी घातली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि पोटाखालून तोच जुना आवाज आला. वॉचमन उठला.

मग सासऱ्यांनी विचारलं, "टायर कितीने मोठे म्हणालात?"

"एकतीस मिलिमीटर."

"तो व्यास. गाडी त्रिज्येवर उभी असते. साडेपंधराच वर गेली ती." आणि जरा थांबून म्हणाले, "हे सातवीत असतं."

जेवण झाल्यावर ते मोजपट्टी आणि सुतळी घेऊन फाटकाशी गेले. मी छत्री धरली. त्यांनी गतिरोधक मोजला, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं आणि वहीच्या पानावर आकृती काढली. त्यांचं म्हणणं असं, की नुसती उंची हा दोष नाही, उतार फार आखूड आहेत. गाडीचं पोट माथ्यावर येतं तेव्हा चारही चाकं जमिनीवर आलेली असतात. उतार लांब केले, तर चाकं अजून उतारावरच असतील आणि पोट वर राहील.

एवढ्यात अध्यक्ष तिथे आले. आपल्या बांधकामाचं कोणीतरी माप घेतंय हे बघून त्यांचा चेहरा बदलला. आपण आयुष्यभर कालवे बांधलेत, असं त्यांनी सांगितलं. सासरे म्हणाले, "कालव्यावरून गाडी न्यायची नसते."

मला वाटलं, आता सोसायटी सोडावी लागणार. पण अध्यक्षांनी ते पान हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं आणि खिशातलं पेन काढून त्यात एक रेघ दुरुस्त केली. सासऱ्यांनी ती खोडली. मग दोघं अध्यक्षांच्या घरी गेले. चहाच्या वेळेला मी बोलवायला गेलो, तर तिथे दुसरा चहा चालू होता आणि जेवणाच्या टेबलावर आगपेट्यांचा गतिरोधक मांडलेला होता.

सोमवारी मी टायरच्या दुकानात गेलो. माझे जुने टायर अजून कोपऱ्यातच होते. मालकाने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "लोक चार दिवसांत येतात," एवढंच म्हणाला. "तुम्ही नऊ दिवस काढलेत." त्याने एक माप वरचे टायर बसवून दिले आणि मला दुकानासमोर दोन्ही बाजूंना पूर्ण वळून दाखवायला लावलं. चाक कुठेही घासलं नाही.

गुरुवारी गवंडी आला आणि दोन्हीकडचे उतार लांब झाले. आता पाच माणसं बसली तरी गाडी अलगद जाते.

सासरे मात्र हल्ली दर रविवारी वारज्याला येतात. पावसाचं पाणी पार्किंगमध्ये का साचतं, यावर त्यांचं आणि अध्यक्षांचं काम चालू आहे. सकाळी येऊन ते थेट अध्यक्षांकडे जातात. जेवायची वेळ झाली की अध्यक्षांना बरोबर घेऊनच आमच्याकडे येतात, आणि बायको कुकरला तांदूळ जास्तीचा लावते.