एकाच नंबराची दोन पॅकेजं

जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका छोट्या कंपनीत मी लागले, तेव्हा तिथे सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर हाताने लिहीत असत. चढावर थांबलेली गाडी मागे घसरू नये म्हणून ब्रेक धरून ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर. त्यात बदल झाला की साठीला आलेले एक जर्मन सहकारी आधी स्वतः गाडी चालवून बघत आणि मगच फाइलमध्ये पुढचा नंबर टाकत. मला हसू यायचं. पुण्याची हुशारी खिशात घालून आलेली मी, त्यातून सहा महिन्यांची प्रोबेत्साइट चाललेली. त्या काळात कंपनी कधीही घरी पाठवू शकते, त्यामुळे काहीतरी करून दाखवायला मी उतावीळ होते.

मी ते सगळं आपोआप होईल असं केलं. कोडच्या साठ्यात एखाद्या बदलावर आपण टॅग लावायचा, म्हणजे नंबराची चिठ्ठीच म्हणा, आणि यंत्राने ती चिठ्ठी वाचून तोच नंबर पॅकेजवर छापायचा. माणसाने लिहायचंच काही नाही, तर चुकणार काय, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं.

“गेनाऊ, बरोबर,” ते सहकारी म्हणाले. “म्हणजे मी आता नुसता नंबर बघायचा?”

“डोळे मिटून विश्वास ठेवा,” मी म्हणाले.

एका शुक्रवारी सकाळी मी ४.२ चा टॅग लावला. पॅकेज तयार झालं, आणि चहा घेता घेता माझी मलाच चूक दिसली. कडक थंडीत ब्रेक जरा आधीच सुटला असता. दुरुस्ती ओळभराची होती. पण रीतीप्रमाणे आता ४.३ करायचं आणि ४.२ का बाद केलं ते फॉर्मवर आपल्या नावाने लिहायचं. प्रोबेत्साइटमध्ये कोण लिहील? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ४.२ चा टॅग जुन्या कोडवरून काढला आणि दुरुस्त केलेल्या कोडवर चिकटवला. पुन्हा एक ४.२ तयार झालं. खरं सांगते, मला तेव्हा फार हलकं वाटलं.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की वर्कशॉपमधल्या लॅपटॉपने पहिलं पॅकेज केव्हाच उतरवून घेतलं होतं. ४.२ आपल्याकडे आहेच, असं बघून त्याने दुसरं मागवलंच नाही. दुपारी त्या सहकाऱ्यांनी तेच गाडीत भरलं आणि द्राक्षमळ्यांमधल्या चढावर चाचणी घेतली. छान ऊन होतं, गाडी घसरली नाही. चार डोळ्यांनी बघितल्याशिवाय इथे काही पास होत नाही, म्हणून स्वतःची सही करून ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी सवयीने कागदावर पॅकेज तयार झाल्याची वेळ पाहिली. ती माझ्या चहाच्या आधीची होती.

सांगायचं तर टॅग हलवल्याचंही सांगावं लागणार. सोमवारी गुपचूप नवं पॅकेज भरू, असं मनाशी ठरवून मी सही केली.

“शनिवार-रविवार ही गाडी मी घरी नेतोय,” ते जाकीट चढवत म्हणाले. “आमचं घर चढावरच आहे. बायको गाडीमागचं फाटक लावेपर्यंत गाडी तिथे उभी असते. आल्झो, म्हणजे थंडीतली चाचणीही होऊन जाईल.”

मी तोंड उघडलं. सगळं वाक्य जर्मनमध्ये जुळवून तयार होतं. “श्योनेस वोखेनएंडे,” सुट्टी छान जावो, एवढंच बाहेर पडलं.

दोन दिवस मी मोबाइलवर तापमान बघत बसले. ते शून्याखाली गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांचा फोन नंबर तीनदा काढला, तीनदा ठेवून दिला. मी भित्री आहे हे मला त्या शनिवारी कळलं, आणि कळूनही काही उपयोग झाला नाही.

सोमवारी ते उशिरा आले. बायकोचा पाय गाडी आणि फाटकाच्या मध्ये सापडून दोन ठिकाणी मोडला होता. “अरे देवा,” मी मराठीतच म्हणाले.

“सॉफ्टवेअरची चूक नाही,” ते उलट मलाच धीर देऊ लागले. “मी आधी नंबर पाहिला. ४.२ च होता, आपण दोघांनी पास केलेला. गाडी पुरती थांबायच्या आतच मी ब्रेकवरून पाय काढला असणार. वय झालं.”

त्यांनी चाचणीच्या गाडीची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“यापुढे चाचण्या तुम्हीच घ्या,” ते म्हणाले. “माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही.”

मी “डांके” म्हणून आभार मानले आणि किल्ली उचलली.