पिंकहॅमची दाढी

एझ्रा पिंकहॅमकडे अभिनय नव्हता, दाढी होती. हॉलिवूडला तेवढं पुरायचं. मूकपटांचे दिवस. तोंडातून काय निघतं याची चौकशी नसे, तोंडावर काय उगवतं याची असे. चिकटवलेल्या दाढ्या उन्हात सुटायच्या, म्हणून घरची दाढी असलेल्या एक्स्ट्राला मान. आमचा एझ्रा सोमवारी प्रेषित, गुरुवारी रशियन शेतकरी, आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेत. पडद्यावर तो स्वतःच दाखवायचा, "तो बघ, उंटाच्या मागे!" उंट तेवढा आम्हाला दिसायचा.

एझ्रा आणि मी लव्हिनिया स्टाउटबाईंच्या खाणावळीत राहायचो. बाई विधवा. हात सढळ, जीभ त्याहून सढळ.

"मिस्टर पिंकहॅम, सूप तुम्हाला वाढलंय, दाढीला नाही."

"तीच मला पोसते, बाई. तिला आधी नको का?"

सगळे हसत. हसणं ओसरलं की एझ्रा एकटा जिना चढून जाई. आयोवाहून आल्यापासून त्याला ना कुणाचं पत्र, ना कुणाची हाक. एक मांजर पाळलं होतं, तेही शेजाऱ्यांकडे राहायला गेलं.

एकदा बाई बशा उचलता उचलता म्हणाल्या, "चेहरा दाखवलात तर रविवारी समुद्रावर येईन तुमच्याबरोबर. झुडपाबरोबर फिरायची लाज वाटते मला."

शनिवारी एझ्रा न्हाव्याकडून आला. मी त्याला बुटांवरून ओळखलं. हनुवटी देवाने घाईत उरकलेली. बाई बघत राहिल्या.

"बरा माणूस लपवून ठेवला होतात की!"

रविवारी दोघं हातात हात घालून ट्राममध्ये चढली.

सोमवारी स्टुडिओच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "कोण पाहिजे?"

"अरे, मी एझ्रा!"

"एझ्राला दाढी आहे."

आतून दिग्दर्शकाचा मदतनीस आला, पोट धरून हसला. "पिंकहॅम, असली तोंडं मला ट्रामच्या थांब्यावर ढिगाने मिळतात. दाढी घेऊन या, मग बघू."

पुढचे रविवार छान गेले. बाकीचे दिवस एझ्रा फाटकासमोर उभा राहून आत जाणाऱ्या दाढ्या बघायचा.

मी म्हटलं, "अरे, बाई मिळाल्या, मागची रांग गेली. सुतक कसलं पाळतोस?"

"तिथे मी कुणीतरी असतो."

"कोण?"

"ते दिग्दर्शक ठरवतो. पण कुणीतरी."

मग एका रविवारी मीही त्याच ट्राममध्ये मागच्या बाकावर होतो. बाईंनी लाडाने त्याच्या गालाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"वाढवताय?"

"एकच चित्रपट, बाई. वाळवंटाचा आहे. मग कायमची काढतो."

"त्यानंतर बर्फाचा येईल."

पुढच्या थांब्यावर बाई छत्री सावरत उतरल्या. एझ्रा धावत मागे जाईल म्हणून मी वाट पाहिली. तो दाढीच्या खुंटांवरून हात फिरवत बसून राहिला. समुद्र आला, सगळे उतरले.

"शेवटचा थांबा, साहेब," कंडक्टर म्हणाला.

एझ्राने परतीचं तिकीट काढलं. येताना गाडी भरली. माणसं दांड्यांना धरून उभी होती, तरी शेजारची, बाई बसल्या होत्या ती जागा त्याने टोपी ठेवून अडवून धरली होती.