डिस्कवरची पोथी

गुरुजींच्या हस्ताक्षरातील पोथी मी स्वतः वैनगंगेत विसर्जित केली, हे आधी सांगितले पाहिजे. पाने इतकी जीर्ण झाली होती की उलटताना कडा हातात येत. जीर्ण ग्रंथ जलार्पण करावा, या रीतीला धरून मी ते केले. तत्पूर्वी सुनेने प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन माझ्या लिनक्सच्या संगणकावर ठेवले होते. आणखी एक प्रत करून ठेवू, असे ती म्हणालीही होती; मीच नको म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी संध्या आटोपली की मी फुलचूरच्या घरी त्या संगणकासमोर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पोथी उघडीत असे. वाचन ही माझी पूजाच. पुढे पाने उशिरा दिसू लागली. आधी क्षणभर, मग गायत्री एकदा म्हणून व्हावी इतका वेळ. यंत्र वृद्ध झाले, आपणही झालो, असे मानून मी त्या अवकाशात जप करीत बसे. माझ्या धीराचे मला मनातून थोडे कौतुकही वाटे.

एका रविवारी सुनेने हे पाहिले. ती इथून जवळच्या गोरेगावला महाविद्यालयात संगणक शिकवते.

"मामाजी, असं कधीपासून होऊन राहिलं?"

"पोळ्यापासून असेल."

"पोळ्यापासून! अन् सांगितलं काऊन नाही?"

"मला कुठे घाई आहे?"

"तुम्हाले नसंल. डिस्कले आहे."

डिस्क कोणता प्रोग्राम अडवून बसला आहे, हे तिने प्रथम पाहिले. कोणताच नव्हता, सारे यंत्र केवळ डिस्कची वाट पाहत थांबले होते. मग डबा उघडून तिने आतली केबल बदलली. फरक पडला नाही. शेवटी तिने डिस्ककडूनच तिच्या प्रकृतीचा अहवाल मागवला आणि यंत्राची नोंदवही उघडली. तीत एकच ओळ पुनःपुन्हा उमटली होती: वाचण्याचा प्रयत्न केला, वाचता आले नाही. माझ्या जपाच्या अवकाशात ती डिस्क एकाच खराब जागेशी झगडत होती.

"मग सगळी पाने एकदा उघडून पाहू," मी म्हणालो, "कोणती शाबूत आहेत ते कळेल."

मी माउसकडे हात नेला. तिने तो धरला. इतक्या वर्षांत तिने माझा हात कधी अडवला नव्हता.

"हात नका लावू, मामाजी. जितकं वाचान, तितकी लवकर मरंल थे."

तिने यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू केले, नवी डिस्क जोडली आणि तिच्यावर जुन्या डिस्कची नक्कल लावून दिली. जे सहज वाचता येते ते आधी उचलायचे, हट्टी जागांकडे मागाहून वळायचे, अशी त्या नकलेची पद्धत होती. तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी वाचले नाही. संध्येनंतर डोळे मिटून पोथी आठवू लागलो. मूळ श्लोक येत गेले. समासातील गुरुजींची टिपणे मात्र येईनात. रोज समोर दिसत होती म्हणून मी ती कधी पाठ केलीच नव्हती.

चौथ्या दिवशी एक पान सोडून सारे हाती आले. त्या पानाचा खालचा अर्धा भाग नुसता राखाडी होता.

"तुम्हाले तर येतच असंल," सून म्हणाली. "सांगा, त्या जागी टाइप करून टाकू."

श्लोक सांगितला. टिपणाचा आशय मला ठाऊक होता. सांगू लागलो तर वाक्य आपोआप जुळत गेले, गुरुजींच्याच वळणाचे, नेटके. अर्धे टाइप होताच मी तिला थांबवले.

"पुसून टाक."

"काऊन? चांगलं तर आहे."

"चांगले आहे, म्हणूनच. पुढे कोणी वाचील, तर त्याला ते गुरुजींचे वाटेल."

मूळ पोथीत अक्षरे झडली असतील, तर नकलकाराने तेथे स्वतःचे काही न घालता जागा मोकळी सोडावी, असे आम्हाला शिकवले होते. तिने ते पुसले.

"किती जागा सोडू?"

टिपणाचे शब्द गेले होते. ते पाच ओळींचे होते, एवढे मात्र निश्चित आठवत होते. पाच ओळी सोडल्या.