मोटरीवर आळ आणि कॉम्प्युटरचा एसएमपीएस

गेल्या आठवड्यात आमच्या मळ्यातल्या मोटरीवरचा आळ गेला... शिरूरजवळ राहतो आम्ही. ज्यांच्या घरी विहीर आणि कॉम्प्युटर दोन्ही आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझी सून स्नेहल, माहेर दौंडचं. मूल होण्याआधी ती कारेगावला एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या पार्टची ड्रॉइंग करायची. आता मालकांनी एक मोठं ड्रॉइंग घरून करायला दिलं होतं. शनिवारपर्यंत जमलं तर पुढचं काम घरूनच, नाही तर सोमवारपासून कंपनीच्या बसने रुजू व्हायचं... आणि नातू अजून अंगावर पितो.

या कामासाठी तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. तेव्हापासून तो रुसला. टायपिंग चालायचं, पण मोठं ड्रॉइंग फिरवून बघायला घेतलं की खट्... स्क्रीन काळी.

आमच्याकडे काहीही बंद पडलं की दोष लाइटीचा. विहिरीवरची मोटर चालू झाली की व्होल्टेज पडतं, असा निकाल आमच्या ह्यांनी देऊन टाकला. मग स्नेहल कामाला बसली की मोटर बंद, असा नियम झाला. कांद्याचं पाणी लांबलं आणि कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला. (कॉमेंटमध्ये स्टॅबिलायझर सुचवू नका, तोही आणून झाला.)

शुक्रवारी सकाळी मी स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसले. मोटर बंदच होती. ड्रॉइंग फिरवता फिरवता अर्ध्यावर आलं आणि खट्... मी वर पाहिलं, तर पंखा त्याच वेगाने फिरत होता.

म्हणजे लाइट निर्दोष. स्नेहलला विचारलं, तर ती म्हणाली की कॉम्प्युटरच्या आत वीज पुरवणारा डबा असतो, एसएमपीएस. तो जुना आणि लहान आहे, नव्या कार्डाला पुरत नाही. पहिल्या दिवसापासून ती हेच सांगत होती म्हणे, पण हळू आवाजात. ह्यांचा आवाज मोठा.

मी ह्यांना गाठलं. "तीन एचपीच्या स्टार्टरवर साडेसातची मोटर लावली तर काय होईल?"

"ट्रिप व्हईल. हे काय इचारनं झालं?"

"मग कॉम्प्युटरचं तेच झालंय."

तसे हे चपला घालून सुनेला घेऊन शिरूरला गेले. दुकानात दोन एसएमपीएस दोन हातांत तोलून म्हणाले, "ह्यो द्या. हलक्यात दम नसतो." नशिबाने स्नेहलने ठरवलेलाही तोच होता.

घरी येऊन तिने एकेक वायर सोडवून जुना काढला, नवा बसवला. बटण दाबलं... आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. ह्यांनी तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं. स्नेहलने टॉर्च मारून पाहिलं. प्रोसेसरजवळचा छोटा प्लग लावायचा राहिला होता. तो बसवला आणि स्क्रीन उजळली.

मग ते ड्रॉइंग उघडून फिरवायला घेतलं. अर्धं झालं, अर्ध्याच्या पुढे गेलं... तेवढ्यात स्नेहलच ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "आप्पा, मोटर लावा."

"आगं, काम तर हुंदे आधी."

"लावा तुम्ही."

हे गेले. मोटरीचा आवाज आला, घरातला बल्ब थोडा पिवळा पडला. कॉम्प्युटर चालतच राहिला... स्नेहल इतक्या मोठ्याने हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

शनिवारी दुपारी ड्रॉइंग गेलं. संध्याकाळी मालकांचा फोन आला, पुढचं काम पाठवतो, घरूनच करा.

काही बिघडलं की आपण नेहमीचाच आरोपी धरून आणतो. त्याआधी जिचं काम आहे, तिला विचारावं... फार वेळ लागत नाही. सोमवारी सकाळी कंपनीची बस रस्त्यावरून हॉर्न देत गेली, तेव्हा स्नेहल नातवाला पाजत होती. त्याचं तोंड पुसलं, त्याला माझ्याकडे दिलं आणि कामाला बसली.