गोऱ्याच्या मरणाला टाळी नको

मंडळी, पडदा वर जाण्याआधी आमच्या भुजंगाचे डोळे पाहून घ्या. घारे, मांजरासारखे. धनगराच्या पोराला असे डोळे आले आणि त्याचं नशीब ठरून गेलं. आमच्या नाटक मंडळीत तात्याराव मालक, मी पाटील आणि भुजंग जन्मभर गोरा शिपाई.

‘पलटणीचा पडाव’ हे आमचं हुकमी नाटक. निजामाच्या राज्यात जालन्याच्या छावणीतून हैदराबादेकडे निघालेली गोऱ्यांची पायदळ पलटण गावाशेजारी तंबू ठोकते, बकऱ्या-कोंबड्या उचलते, आणि पटकीच्या साथीत त्यातला एक माजोरा शिपाई तडफडून मरतो. लाल जाजम फाडून त्याचा कोट शिवलेला, छातीवर बिल्ले म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं. भुजंग कोसळला की जिंतूरपासून सोनपेठपर्यंत टाळ्या, शिट्ट्या, भुईमुगाची टरफलं! एवढी टाळी मला कधी मिळाली नाही.

भुजंगाला मात्र ती सोसत नसे. तोंडाचा रंग पुसताना एकदा मला म्हणाला, "एका तरी गावात माझ्या मरणाला कुणी टाळी वाजवू नये, एवढंच वाटतंय बघ."

"नटाला टाळी नको? येडा हायेस का?"

मग त्यानं सांगितलं. चारठाण्याच्या माळावर त्याची माय, म्हाळसाबाई, मेंढरं चारायची. तिथं ओढ्याकाठी मातीचे उंचवटे होते. पटकीनं मेलेली पलटणीतली पोरं तिथंच पुरली आणि दुसऱ्या सकाळी ढोल वाजवत पलटण पुढं गेली, असं म्हातारे सांगत. म्हाळसाबाई दुपारी पाणी प्यायच्या आधी थोडं त्या मातीवर ओतायची. "परमुलखातलं लेकरू हाय. तहानेलं गेलंय," म्हणायची. बाया टोमणे मारायच्या, "पोराचे डोळे पलटणीकडून आणलेस का गं?" तरी तिनं पाणी ओतणं सोडलं नाही.

पुढं मंडळी मोडली, कनाती विकल्या, म्हाळसाबाई गेली. भुजंगानं कोट तेवढा जपला.

गेल्या वैशाखात पोखर्णीच्या जत्रेत आम्हा तिघा म्हाताऱ्यांना एक प्रवेश करायला बोलावलं. तात्याराव खुशीत होते. "भुजंगा, जिंदगीभर गोरा केलास. आता पाटील कर. ह्याला बसव खाली!"

मीही फेटा काढून पुढं केला. मनापासून.

फेट्यावरून हात फिरवत भुजंग म्हणाला, "पाटील तर समद्यांचाच हाय, मालक. गोऱ्याचं कोण हाय? अजून एकदा मरू द्या मला."

"मर बाबा! पण बिगीनं मर. मागं एकदा मरता मरता पब्लिकचा चहा पिऊन झाला होता."

दिवस कलला आणि प्रवेश सुरू झाला. कोट आता त्याच्या अंगात लोंबत होता. भुजंग कोसळला. पुढ्यातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेवढ्यात नाटकात कधीच नसलेलं वाक्य आलं. सगळी गिटपिट सोडून गोरा आमच्या बोलीत म्हणाला, "माय, पाणी दे गं. घर लय दूर हाय."

शिट्ट्या थांबल्या. तात्याराव विंगेतून कुजबुजले, "अरं, गोरा माय म्हणायलाय?"

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. सगुणाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. हातात तांब्या. गुडघ्यावर हात टेकत ती पायऱ्या चढून वर आली, लाल कोटाशेजारी बसली आणि भुजंगाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

"पी रे लेकरा."

गोऱ्याच्या मढ्यावर थुंकणं, हे पाटलाचं पुढचं काम. मी फेटा काढून उभा राहिलो.

भुजंगानं आधी थोडं पाणी फळ्यांवर ओतलं. मग घटाघटा प्याला. त्या दिवशी गोरा मेलाच नाही, मंडळी. आणि टाळी? एकसुद्धा नाही. पडदा आम्हाला तसाच ओढावा लागला.