मिस्त्रींच्या हातचं गोड

लिफ्ट दुरुस्त करणारे नेहमी जोडीनं फिरतात. एकजण वर मशीनरूममध्ये, दुसरा खाली केबिनच्या टपावर. वरच्यानं नको तेव्हा कळ दाबली तर खालचा गेलाच. म्हणून बायको बघताना माणूस जितकी चौकशी करत नाही, तितकी आम्ही जोडीदाराची करतो. माझे जोडीदार मिस्त्री होते. खरं नाव होतं त्यांना, पण ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

अंगानं आडवे, मिशा जाड, बोलणं मोजकं, आणि गोडाचे असे वेडे की डब्यातली भाजी ते नाइलाज म्हणून खायचे. जेवण झालं की खालचा छोटा कप्पा उघडायचे. त्यात कधी चॉकलेटचा केक, कधी कॅरामलचं पुडिंग, कधी घरी केलेली बिस्किटं. सगळं स्वतःच्या हातचं. आधी मला द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी "छान" म्हटलं तर रागवायचे. "छान काय? छान हवा पण असते. गोड जास्त झालंय का सांग."

हे वेड त्यांना मामानं लावलं. मामा बोटीवर स्वयंपाकी होता. एकदा सुट्टीवर येताना कोकोचा डबा आणि काळ्या चॉकलेटची जाडजूड वडी घेऊन आला. घरात ओव्हन नव्हता. मामानं कुकरमध्ये रेती पसरली, शिट्टी आणि रबर काढून ठेवलं, आत केकचं भांडं बसवलं आणि पोरांना दम भरला, "झाकणाला हात लावाल तर याद राखा. केक आणि जावई, दोघं उगाच रुसतात." बाकीची भावंडं खेळायला पळाली. मिस्त्री मात्र शेगडीसमोर उकिडवे बसून राहिले. घरभर तो वास पसरत गेला तसं त्यांना रडूच आलं म्हणे. का ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "पोट दुखतंय असं आईला सांगितलं. मग काय, तिनं केक द्यायचंच बंद केलं. खरं दुखलं ते तेव्हा."

पुढे कामाला लागल्यावर त्यांनी घरात ओव्हन आणला. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गोड अजिबात आवडत नाही. "लग्न ठरवताना हे दडवून ठेवलं होतं," असं मिस्त्री आल्यागेल्याला सांगायचे. वहिनी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेण्याचं काम करतात. त्या म्हणायच्या, "दिवसभर लोकांची साखर तपासते, घरी येऊन यांची बघते."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. गालांनी इतकी गोबरी की मिस्त्रींनी तिला पहिल्याच दिवशी 'गोबू' करून टाकलं. चालायला लागली तशी ती ओट्यापाशी स्टुलावर उभी राहायची आणि चॉकलेट वितळताना बघायची. खाली पाण्याचं पातेलं, वर कोरडं भांडं. "पाण्याचा एक थेंब जरी आत गेला ना गोबू, तरी सगळ्याचा दगड होतो," असं ते सांगायचे, आणि ती श्वास रोखून धरायची. मग पळीला लागलेलं तिचं. मी कधी त्यांच्या घरी गेलो की पोरीच्या नाकाला, कोपरांना, एकदा तर कानामागे चॉकलेट लागलेलं असायचं.

तिला पंधरावं लागलं, तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मैत्रिणींसमोर मला गोबू म्हणू नकोस."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

मिस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं. मुली मोठ्या होतात तेव्हा असंच असतं, असं मीही म्हणालो. मग तिनं केक नाकारला. पोट भरलंय म्हणाली. मग सकाळचं खाणं सुटलं, मग रात्रीचं निम्मं. ताटात घास इकडून तिकडे सरकवत बसायची. धावायला जायला लागली, भर उन्हातसुद्धा अंगात स्वेटर. वहिनींच्या लक्षात ते आधी आलं. कपडे वाळत घालताना त्यांना कळलं की पोरीनं सगळे कपडे बाजूंनी शिवून आत घेतलेत.

मिस्त्रींना एकच औषध माहीत होतं. ते रोज नवीन काहीतरी करायला लागले. संत्र्याच्या सालीचं चॉकलेट, दुधाचं मऊ पुडिंग, भाजलेले बदाम घातलेला केक. गोबू म्हणायची, "ठेव, खाते नंतर." दुसऱ्या दिवशी ताटली रिकामी दिसायची आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडायचा. एकदा तिच्या शाळेच्या दप्तराची चेन बिघडली म्हणून दुरुस्त करायला त्यांनी ते रिकामं केलं. तळाशी कागदी रुमालात गुंडाळलेले केकचे तुकडे होते. काहींना बुरशी धरलेली.

ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खोटं बोलली याचं काही नाही रे. पण फेकून तरी द्यायचं. जपून कशाला ठेवलं?"

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही बापानं केलं असतं, आणि करायला नको होतं. ती फक्त साय काढलेलं पातळ दूध घ्यायची, तर त्यांनी त्याच बाटलीत घट्ट दूध भरून ठेवायला सुरुवात केली. तिच्या सूपमध्ये लोणी विरघळवायला लागले. सूपवरचा तवंग कागदानं टिपून घ्यायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. काही आठवडे हे चाललं. पोरीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला असं त्यांना वाटायचं, आणि कामावर ते शीळ घालायचे.

एका संध्याकाळी ती क्लासहून लवकर आली. मिस्त्री ओट्यापाशी पाठमोरे होते, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात नरसाळं. ती दारातच थांबली.

"हे काय करतोयस?"

त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली.

"कधीपासून?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता. "बाबा, कधीपासून?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी…"

"या घरात मी फक्त त्या बाटलीवर विश्वास ठेवत होते."

एवढं बोलून ती खोलीत गेली. त्या दिवसापासून मिस्त्रींचा हात लागलेली एकही वस्तू तिनं खाल्ली नाही. त्यांनी ग्लासात ओतलेलं साधं पाणीसुद्धा ती बेसिनमध्ये टाकून नवीन घ्यायची. मिस्त्रींचे थोरले भाऊ घरी आले होते, ते म्हणाले, "दोन थोबाडीत दे, सरळ होईल. उपासमार झाली की खाते झकत." मिस्त्री आयुष्यात कधी थोरल्या भावाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी भावाला चपला घालून निघायला लावलं.

महिनाभरात ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हनुवटी फुटली, आणि हृदयाचे ठोके इतके मंद झाले होते की डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलमध्येच ठेवून घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावर चादरच दिसली, पोर शोधावी लागली. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले होते. ती त्यांना आत येऊ देत नव्हती.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, पण बोलायला सरळ. मिस्त्रींनी त्यांना विचारलं, "माझ्यामुळे झालं का हे? मी तिला लहानपणापासून गोडाची चटक लावली. गोबू म्हणायचो."

"कशामुळे झालं हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही येणार नाही," बाई म्हणाल्या. "आजार आहे हा. हट्ट नाही, नखरा नाही. तुम्ही कारण शोधत बसाल, आणि ती तुमच्या चेहऱ्यावर ते रोज वाचेल. चालेल का?"

"नाही."

"मग ऐका. ताट आई वाढेल, आम्ही सांगू तसं. तुम्ही समोर बसायचं. खा म्हणायचं नाही, शाबास म्हणायचं नाही, ताटाकडे बघायचं नाही. दुसरं काहीही बोला. आणि घरात केकबिक काही दिवस बंद."

"मग मी करू काय?"

"बसा," बाई म्हणाल्या. "तेच अवघड आहे."

खरंच अवघड होतं ते. मिस्त्रींना बोलायची सवयच नव्हती. त्यांचं सगळं बोलणं पुडिंगमधून व्हायचं. आता रोज पाऊण तास पोरीसमोर बसायचं आणि दुसरं काहीतरी बोलायचं. म्हणून ते लिफ्टविषयी बोलायचे. कुठल्या इमारतीत कुत्रा अडकला, कुठल्या आजोबांनी केबिनमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचायला घेतला. गोबू ऐकत नसे. घास तोंडात धरून रडायची, कधी ताट ढकलायची, एकदा तर आईच्या अंगावर डाळ फेकली. वहिनी उठल्या, साडी बदलली आणि नवीन ताट वाढून आणलं. वहिनींच्या संयमापुढे मी हात जोडले.

घरातला ओव्हन मिस्त्रींनी चादरीनं झाकून ठेवला. डब्यातला खालचा कप्पा रिकामा यायला लागला. मी समजलो, यांनी गोड सोडलं.

सोडलं नव्हतं. एकदा मी केबिनच्या टपावर होतो आणि वरून त्यांचा आवाज येईना. दोनदा हाक मारली. घाबरून जिन्यानं वर पळालो. मशीनरूममध्ये मिस्त्री मोटरमागे भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि हत्यारांच्या पेटीतली चॉकलेटची वडी खात होते. चवीनं नाही. चावून, गिळून, पुन्हा चावून, कुणी मागं लागल्यासारखे. ज्या माणसानं मला चॉकलेट जिभेवर ठेवून वाट बघायला शिकवलं, तो असा खात होता. हाताला ग्रीस तसंच होतं.

मला बघून त्यांनी वडी खिशात घातली. "काही लागत नाही रे," म्हणाले. "चवच लागत नाही. तरी हात जातो."

मी म्हणालो, "खाली माझा जीव टांगणीला होता, मिस्त्री."

ते मटकन पेटीवर बसले. त्या दिवशी आम्ही काम अर्धं सोडून परत आलो. वर कळ सांभाळताना त्यांचं लक्ष नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

घरी गेल्यावर ते हात धुऊन टेबलाशी बसले. गोबू आधीच तिथे होती, वहिनी आत वाढत होत्या. पोरीचं नाक तीक्ष्ण. उपाशी माणसाचं असतंच.

"चॉकलेट खाल्लंस," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हात टेबलाखाली घेतले.

"कुठे?"

"कामावर. मशीनरूममध्ये."

"लपून?"

त्यांनी मान हलवली. तिनं पहिल्यांदाच, कित्येक महिन्यांनी, त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मग नंतर घाण वाटतं ना? आणि कुणी बघितलं तर मरावंसं वाटतं?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "आज बघितलं."

"माझंही तसंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "दप्तरातलं तू विचारलंस आईला, का ठेवलं म्हणून. मला टाकवत नव्हतं. तू केलेलं होतं. खाता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं."

मिस्त्रींच्या ओठांवर 'मग आता खा' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. हे मला सांगताना ते म्हणाले, आयुष्यात गिळलेली सगळ्यात जड गोष्ट तीच. ते फक्त एवढंच म्हणाले, "दुधाचं मी चुकलो. पुन्हा करणार नाही."

"करशील," ती म्हणाली. "पण विचारलं तर खरं सांग."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती वर चढली, पुन्हा खाली आली. बारावीच्या वर्षी परत हॉस्पिटल झालं. वहिनींचे केस त्या दोन वर्षांत पिकले. पण ती बाबांना खोलीत येऊ द्यायला लागली, आणि लिफ्टच्या गोष्टी ऐकताना मधेच विचारायची, "कुत्र्याचं पुढे काय झालं?" मिस्त्रींनी मशीनरूममधलं खाणं थांबवलं. मला पेटी उघडून दाखवायचे, मी न विचारताच.

आता ती दुसऱ्या गावी शिकते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. बारीकच आहे. काही दिवस बरे जातात, काही नाही. फोनवर मिस्त्री 'जेवलीस का' विचारत नाहीत. "बाकी काय?" म्हणतात, आणि ती काय सांगते त्यावरून अंदाज बांधत बसतात.

मागच्या सुट्टीत ती घरी आली होती. मिस्त्रींनी तिला विचारलं, "केक करू का? घरभर वास येईल. नको असेल तर नको."

"कर," ती म्हणाली. "मी खाईन असं नाही."

ओव्हनवरची चादर निघाली. चॉकलेट वितळवताना ती ओट्यापाशी आली नाही, पण खोलीचं दार लावून घेतलं नाही. संध्याकाळी मीही गेलो होतो. वहिनींनी चक्क एक तुकडा घेतला आणि औषध घ्यावं तसा संपवला. गोबू आमच्याबरोबर टेबलाशी बसली, पाणी प्यायली, मला कॉलेजातल्या लिफ्टविषयी विचारलं, तिचा दरवाजा आपटतो म्हणाली. केककडे कुणी बघितलं नाही. उरलेला डब्यात गेला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या गाडीनं परत गेली. मिस्त्री तिला सोडून घरी आले तेव्हा डबा धुऊन पालथा घातलेला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. डबा कुणी संपवला, का उरलेलं शेजारी गेलं, हे त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या.

"विचारलं नाहीत?" कामावर मशीनरूममध्ये हे ऐकल्यावर मी म्हटलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले, आणि मला म्हणाले, खाली जा, ब्रेक तपासायचाय, मी हाक मारल्याशिवाय टपावर चढू नकोस.