मिटलेल्या दातांमागचा आवाज

गेल्या मंगळवारी दुपारी वॉर्डात एक आवाज ऐकला, तो अजून कानातून जात नाही...

मी संभाजीनगरातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल कोडिंग करते. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. पेशंट सहसा दिसतच नाहीत.

त्या दिवशी आलेला कोड मी कधीच वापरला नव्हता. एम ६१.१... जनुकातल्या दोषामुळे शरीरातले स्नायू हळूहळू हाड होत जातात. हाडांचा आजार, पण कोड मात्र स्नायूंच्या आजारांत. आधीच्या ऑपरेशनची माहिती अर्धवट होती, म्हणून विचारायला वर वॉर्डात गेले.

कॉटवर विशीतली मुलगी. नाव बदलून तिला सुनंदा म्हणते. डावा हात कोपरात वाकून तसाच थिजलेला... जणू कडेवर बाळ आहे आणि ते फक्त आपल्याला दिसत नाही.

"या ना ताई."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं!

बोलत होती ती सुनंदाच. जबडा कायमचा जाम, दात घट्ट मिटलेले, आणि आवाज त्यांच्या मागून येत होता. माझा चेहरा बघून ती हसलीही... दात तसेच मिटलेले.

कॉटच्या कडेला बसलेली तिची आई लासूर स्टेशन गावची. म्हणाली, "लहानपणी पाठीत गाठ आली मॅडम. साधी गाठ समजून डॉक्टरनं काढली, तं तिथं दुप्पट हाड झालं. दंडात सुई टोचली, तं हात असा झाला."

आता सुनंदाची कंबरही आखडत चालली होती. डॉक्टरांनी विचारून ठेवलं होतं... पुढं शरीर कायमचं कसं राहिलेलं चालेल? बसलेलं की उभं?

"बसलेली राहिली तं मला हिला उचलून अंगणात तरी नेता येईल," आई पदर तोंडाशी धरून म्हणाली.

"मी उभी ऱ्हाणार," मिटल्या दातांतून आवाज आला. "आमच्या खिडकीतून रेल्वेच्या गाड्या दिसत्यात ताई. बसल्यावर नुसती भिंत."

आईनं लेकीचे केस मागं सारले. "ऱ्हा मग उभी. मी टेकू देईन."

खाली येऊन कोड टाकला. डॉक्टरांनी तिच्यासोबत राहणाऱ्या फाइलवर मला लाल अक्षरांत लिहायला लावलं, 'स्नायूत इंजेक्शन देऊ नये'. आता ती कुठल्याही दवाखान्यात गेली, तरी कुणी चुकून सुई टोचणार नाही, एवढी आशा. शनिवारी ती घरी गेली.

त्याच मंगळवारी संध्याकाळी मी सिडकोत घरी पोचले आणि सोफ्यावर बसल्या बसल्या जांभई आली. तोंड पूर्ण उघडलं... आणि मी तशीच थबकले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आभार कुणाचे मानायचे, ते कळेना. पण मानले.